क्षमस्व कशाला?

आमच्या सोसायटीत दहावीतली एक मुलगी आहे. गेल्या महिन्यात शाळेने तिच्या वर्गाला मुंबईत एका कलाप्रदर्शनाला नेलं आणि दुसऱ्या दिवशी ‘माझी प्रतिक्रिया’ म्हणून पानभर लिहून आणायला सांगितलं. तिने वही मला आणून दाखवली. वर तारीख, डावीकडे आखलेला समास, वळणदार अक्षर आणि पानावर दोनच वाक्यं : ‘मला काही कळले नाही. क्षमस्व.’ त्याखाली लाल शाईत बरोबरची खूण आणि बाईंची सही.

ती लाल खूण पाहून माझं डोकं तडकलं. पंधरा वर्षांच्या पोरीने माफी मागितली आणि शाळेने ती मंजूर केली!

मी विचारलं, तिथे पाहिलंस काय? ती म्हणाली, “एका खोलीत जुन्या साड्यांना गाठी मारून त्या छताला टांगल्या होत्या. खूप साड्या. मध्ये उभं राहिलं की वास यायचा, आमच्या गावच्या आजीच्या ट्रंकेसारखा. मला एकदम रडायला आलं. पण पुढच्या तुकडीला आत यायचं होतं, म्हणून बाईंनी चला चला केलं.”

मग हे का नाही लिहिलंस?

“ते उत्तर नाही ना, ताई.”

अगं, तेच उत्तर आहे. दुसरं उत्तर त्या खोलीत नव्हतंच. ज्याने साड्या टांगल्या त्याने त्या वासासाठी टांगल्या असतील, गाठींसाठी असतील, आणखी कशासाठी असतील. पण तिथे उभं राहून तुझी आजी तुझ्यासमोर आली, ही घडलेली गोष्ट आहे. घडलेल्या गोष्टीची माफी मागत नाहीत.

या मुलीचा यात काडीचा दोष नाही. आपण पोरांना चित्रकला शिकवतो ती पेपर सोडवण्यापुरती. मी स्वतः एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्यात, दोन्हींत ए श्रेणी आहे. वस्तुचित्राला तांब्या, वांगं आणि मागे घडी घातलेलं फडकं. स्मरणचित्राला भाजीबाजार नाहीतर बसथांबा. तीन माणसं पुढे मोठी, दोन मागे लहान. संकल्पचित्राला वर्तुळात पानाफुलांची नक्षी, पोस्टर कलरचा सपाट हात, कडेला ब्रश जरासुद्धा बाहेर जाता कामा नये. याने हाताला वळण लागतं, डोळ्याला शिस्त लागते, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. त्या सगळ्या वर्षांत एकाही मोठ्या माणसाने मला हाताला धरून एकही खरं चित्र दाखवलं नाही. जन्मात मैफल न ऐकता कुणी गाण्याच्या परीक्षेला बसतं का? चित्राच्या परीक्षेला मात्र दरवर्षी पोरं बसतात, दहावीला वाढीव गुण घेतात, आणि रंगांची पेटी माळ्यावर जाते.

मी पहिल्यांदा काही पाहिलं ते बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, जानेवारी २०१७ मध्ये, तेही पार कोचीत. आम्ही चौघी मैत्रिणी ठाण्याहून नेत्रावती एक्सप्रेसने गेलो होतो. कोची-मुझिरिस बिनाले, म्हणजे तिथलं मोठं कलाप्रदर्शन, सुरू झाली १२ डिसेंबर २०१२ ला. ती उभी करणारे दोघे, बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू, मूळचे केरळचे, पण शिकले मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. आम्ही गेलो त्या वर्षीची मांडणी मुंबईच्या सुदर्शन शेट्टींच्या देखरेखीखाली झालेली. यातलं काहीही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मैत्रिणीच्या मावसभावाने सांगितलं, तिथे मोठं प्रदर्शन आहे, म्हणून गेलो.

ॲस्पिनवॉल हाउस ही फोर्ट कोचीत पाण्याला लागून असलेली जुनी वखार. एके काळी इथून खोबरेल, मिरी, लाकूड बाहेर जायचं. तिथल्या एका लांबलचक गोदामाच्या दाराशी चपलांचा ढीग पडला होता. दाराशी उभ्या असलेल्या स्वयंसेवक मुलाने खुणेने सांगितलं, पँट वर दुमडा. आत गोदामभर समुद्राचं पाणी होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत पाणीच, आणि त्यातून चालत पलीकडच्या टोकाला जायचं. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर थोड्या थोड्या अंतराने समोरच्याला विचारलेले छोटे छोटे प्रश्न. उत्तर कुणीच देत नाही, असे प्रश्न. पलीकडच्या टोकाला आणखी मजकूर होता. तो वाचायचा तर तिथवर पाय ओढत जाणं भाग होतं.

हे काम चिलीचे कवी राऊल झुरिता यांचं. नाव ‘द सी ऑफ पेन’, वेदनेचा समुद्र. सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पालथ्या पडलेल्या आलान कुर्दी या सीरियन बाळाचा फोटो सगळ्या जगाने पाहिला. आलान ज्या बोटीतून जाताना बुडाला, त्याच बोटीत त्याचा मोठा भाऊ गालिप होता. तोही बुडाला, पण त्याचा तसा फोटो जगासमोर आला नाही. हे गोदामभर पाणी त्या गालिपसाठी. झुरितांना स्वतःला १९७३ च्या लष्करी उठावानंतर एका जहाजाच्या पोटात कोंडून ठेवलं होतं. त्यांना पाण्याबद्दल बोलायचा अधिकार होता.

पण हे सगळं मी नंतर वाचलं. आत असताना मला कळलं ते इतकंच की माझ्या चालण्याचा आवाज होतोय. मी थांबले की आवाज थांबायचा. माझ्या मागून एक अनोळखी माणूस येत होता. त्याच्या पावलाने उठलेली लाट सरकत येऊन माझ्या पोटरीला लागायची. मग माझी लाट पुढच्या बाईला. कुणी कुणाला धक्का दिला नव्हता, तरी सगळे एकमेकांना लागत होते. मध्यावर पोचल्यावर मागे वळावंसं वाटलं, आणि वळले तरी तेवढंच चालायचं होतं. घशात आवंढा आला. रात्री खोलीवर जीन्स वाळत घातली, ती सकाळी कडक झाली होती आणि घडीवर मिठाचे पांढरे डाग उठले होते. घरी येईपर्यंत मी ती जीन्स धुतली नाही.

आमच्यातली एक मैत्रीण मुरुडची, मच्छीमाराच्या घरातली. ती दारातूनच परत फिरली. संध्याकाळी फेरीबोटीत भडकून म्हणाली, “माझा चुलता पाण्यात गेलाय. मला पाण्यात उभं करून समुद्र शिकवू नका.” आम्ही तिघी गप्प बसलो. माझं रडू खरं होतं, आणि तिचा राग माझ्या रडण्याइतकाच खरा होता. किंबहुना जास्त, कारण तो तिने विकत घेतलेला होता. तिने त्या कामाला आत न जाता उत्तर दिलं. प्रतिक्रियेच्या वहीत तिच्या या वाक्याला कोणत्या रंगाच्या शाईने खूण करणार?

आता ज्या गोष्टीचा मला मनापासून संताप येतो तिच्याकडे येते. ती गोष्ट म्हणजे कलाकृतीशेजारची पाटी.

एम.एस्सी. करताना शनिवारी लेक्चर संपलं की मी फोर्ट-कुलाब्याच्या गॅलऱ्या पालथ्या घालायचे. अशाच एका गॅलरीत एका खोलीत विटांचा ढीग होता, नीट रचलेला, छातीएवढा उंच. शेजारी हातभर लांबीची इंग्रजी पाटी. मी तिच्यापुढे दहा मिनिटं उभी राहिले. एकेका वाक्यात पाच-पाच जड नामं हातात हात घालून उभी, क्रियापदाचा पत्ता नाही. तिथले पहारेकरी काका साताऱ्याकडचे. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, काय लिहिलंय यात? दीड महिना झाला, उभा आहे याच्याजवळ. कुणी सांगितलं नाही.”

मी मराठीत सांगायला लागले आणि पहिल्याच वाक्यात अडकले. इंग्रजीत वाचताना काहीतरी भारी आहे असं वाटत होतं. मराठीत आणायला घेतलं तेव्हा उघड झालं की त्या वाक्यात काही नव्हतंच. तिसऱ्या वाक्याला मी हात टेकले. मग काकांनीच मला सांगितलं. “मला वाटतं, हे पाडलेल्या घराचं असावं. या बाजूने बघा, विटांना एका अंगाला अजून निळा रंग आहे. बाहेरून कुणी असला निळा देत नाही. ही आतली बाजू. कुणाच्या तरी खोलीची.”

मी खाली वाकले. निळा रंग होता. एका विटेत खिळ्याचं भोक होतं, कॅलेंडर टांगायचं असेल. ढिगाभोवती मी चार फेऱ्या मारल्या होत्या आणि माझे डोळे मात्र पाटीवर होते.

अशा पाट्या लिहिणाऱ्यांना माझं सरळ सांगणं आहे. मुंबईत, पुण्यात, पणजीत, नागपुरात तुम्ही प्रदर्शन भरवता, तर दारावरचा माणूस जी भाषा बोलतो त्या भाषेत चार ओळी लिहा. दीड महिना जो त्या कामासोबत उभा राहणार आहे त्याला पहिल्या दिवशी दहा मिनिटं द्या आणि सांगा, हे काय आहे आणि का आहे. मराठीत हे मांडता येत नाही अशी सबब कुणी सांगू नये. इन्स्टॉलेशनला मराठीत ‘मांडणशिल्प’ असा सुरेख शब्द आहे, आणि तो कानावर पडला की काहीतरी मांडलंय हे शेंबड्या पोरालाही कळतं. प्रभाकर बरवे यांनी कॅनव्हासपुढे बसून मनात काय काय चालतं ते ‘कोरा कॅनव्हास’मध्ये १९९० सालीच स्वच्छ मराठीत लिहून ठेवलं. ‘चिन्ह’सारखा कलेला वाहिलेला अंक याच भाषेत निघाला. भाषा तयार आहे. भिंतीपर्यंत ती येऊ दिली जात नाही.

दोन वर्षांनी पुन्हा कोचीला गेले. या वेळी एकटी. मुंबईच्याच शिल्पा गुप्ता यांचं काम तिथे होतं. अंधारी खोली, छतातून लोंबणारे शंभर मायक्रोफोन, आणि प्रत्येकाखाली जमिनीतून वर आलेली एक टोकदार सळई. प्रत्येक सळईवर एक कागद खुपसलेला. वाण्याच्या गल्ल्याशेजारी बिलं खोचायची तार असते ना, थेट तशी. कागदांवर शंभर कवींच्या ओळी. शतकानुशतकांतले, वेगवेगळ्या देशांतले, कवितेपायी नाहीतर मतांपायी तुरुंगात टाकलेले कवी. एका कोपऱ्यातून एक आवाज यायचा, मग दुसऱ्या कोपऱ्यातून त्याला साथ मिळायची, मग चहूकडून.

इथे मला माझं फिजिक्स कामाला आलं. आवाज स्पीकरमधून येत नव्हता, माइकमधून येत होता. माइक आणि स्पीकर मुळात एकाच जातीचे. तेच चुंबक, तीच तारेची गुंडाळी. एकात आवाजाने गुंडाळी हलते आणि वीज निघते, दुसऱ्यात वीज जाते आणि गुंडाळी हलून आवाज निघतो. जोडणी उलटी केली की ऐकणारं यंत्र बोलायला लागतं. प्रयोगशाळेत हे मी करून पाहिलं होतं, जर्नलात आकृतीसह लिहिलं होतं, तपासून सही घेतली होती. कवींना ज्यांच्यापुढे जबानी द्यावी लागली असेल तसे माइक, आणि तेच आता कवींच्या बाजूने बोलताहेत, हे त्या अंधारात कळलं तेव्हा अंगावर काटा आला. एका आवाजाची भाषा मला येत नव्हती. तो थांबल्यावरही मी तिथेच उभी होते. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहून झाली, १९३३ साली, हे शाळेत पाठ केलेलं वाक्य एकाएकी आठवलं. पाठ केलं तेव्हा त्याला वजन नव्हतं. खोलीतल्या एका सळईपुढे मला साने गुरुजींचा कागद दिसायला लागला होता.

सगळ्याच खोल्या अशा भेटत नाहीत. व्हिडिओच्या अंधाऱ्या खोल्यांनी मला बहुतेक वेळा बाहेरच काढलं आहे. पाऊण तासाचा व्हिडिओ, बसायला एक बाक, कुठे सुरू झाला आणि कुठे संपणार याचा पत्ता नाही. माणसाचा वेळ मागायचा तर त्याला खुर्ची द्यावी. याउलट तुषार जोग यांचं एक काम मी डोळ्यांनी पाहिलेलंच नाही, तरी ते मला सोडत नाही. २०१० साली हा कलावंत बुलेटवर बसून मुंबईहून शांघायला निघाला, सरदार सरोवर आणि चीनचं थ्री गॉर्जेस धरण, अशी बुडालेल्या गावांची वाट जोडत. डिसेंबर २०१८ मध्ये ते गेले तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याविषयी वाचलं. तो प्रवास हेच चित्र होतं हे मान्य करायला मला दोन दिवस लागले. त्यानंतर नकाशात नर्मदा दिसली की माझी नजर तिथून उजवीकडे, पार यांगत्सेपर्यंत जाते. ही रेघ त्यांनी माझ्या डोक्यात ओढली आहे, आणि ती खोडता येत नाही.

ससून डॉकचं काय सांगू! नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथे ‘स्टार्ट इंडिया’ या कलासंस्थेने गोदामं रंगवली, मांडणशिल्पं उभी केली, आणि बाहेरच्या भिंतींवर डॉकमध्ये राबणाऱ्या माणसांचे चेहरे मोठमोठे करून चिकटवले. १८७५ सालची ही गोदी. पहाटे लिलाव, बर्फाच्या गाड्या, पाट्या घेऊन धावणाऱ्या बायका. तिकीट नाही, कुणीही या. कल्पना मला फार आवडली. ज्यांच्या जिवावर मुंबई मासळी खाते त्यांचे चेहरे एकदा तरी मुंबईपेक्षा मोठे दिसले.

पण तिथे एका शनिवारी पाहिलेलं एक दृश्य अजून खुपतं. भिंतीपाशी बायका उकिडव्या बसून कोळंबी सोलत होत्या. बोटं अशी चालत होती की नजर ठरत नव्हती. डोकं मोडलं, पाठीवरून साल काढली, धागा ओढला, टोपात टाकली. दोन तरुण आले, रुमाल नाकाला. त्यांना भिंतीवरच्या चेहऱ्याचा फोटो हवा होता. एकजण त्या बायकांना म्हणाला, “मावशी, जरा बाजूला होता का, फ्रेममध्ये येताय.” आणि त्या उठल्या. टोप, पाट, सालींचा ढीग उचलून सरकल्या. भिंतीवर त्यांच्यासारख्याच बाईचा चेहरा होता आणि जिवंत बाई फोटोत नको होती.

मी तिथेच त्या मुलाशी भांडले. त्याला कळलं असेल-नसेल. मावशींपैकी एक मला म्हणाली, “जाऊ दे गं पोरी, बर्फ वितळतोय.” ज्यांना तो वास सोसला नाही त्यांनी ते प्रदर्शन पाहिलं नाही, असं माझं ठाम मत आहे. वास हा त्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात खरा भाग होता. आमच्या सोसायटीतल्या मुलीलाही साड्यांच्या वासानेच धरलं ना?

आणि मग केळं. २०१९ च्या डिसेंबरात मौरित्सियो कातेलान या इटालियन कलावंताने मायामीच्या कलाबाजारात भिंतीवर चिकटपट्टीने एक केळं चिकटवलं आणि ते एक लाख वीस हजार डॉलरला विकलं गेलं. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते चोवीस तासांत सात वेळा आलं. काकांनी लिहिलं, ‘बघ तुमची कला!’ माझी प्रतिक्रिया मी त्यांना तेव्हा लिहिली होती, आजही तीच आहे : मला त्यात काहीच झालं नाही. ना राग, ना हसू. पाण्याने जीन्स भिजवली होती, सळईवरच्या कागदाने घसा आवळला होता, केळ्याने काही केलं नाही. एखाद्या कामाने काही केलं नाही, हीसुद्धा प्रतिक्रिया आहे आणि ती ताठ मानेने सांगावी.

पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच केळ्याची एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात बासष्ट लाख डॉलरला गेली आणि घेणाऱ्याने ते खाऊन टाकलं. त्या बातमीच्या शेपटाला आणखी एक बातमी होती. लिलावघराच्या बाहेर फळगाडीवर बांगलादेशातून आलेला एक म्हातारा माणूस उभा असायचा. लिलावात लावलेलं केळं त्याने पस्तीस सेंटला विकलं होतं. वार्ताहराने त्याला पुढची किंमत सांगितली तेव्हा तो रडला. केळ्याची सगळी कथा माझ्यापुरती त्या माणसापाशी सुरू होते आणि तिथेच संपते.

किमतीचं हे खूळ आपल्याकडेही आहेच. नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात तेवीस कोटी सत्तर लाखांना गेलं. पेपरांनी रक्कम ठळक छापली. चित्रात काय आहे, रंग कसा थरावर थर चढलाय, त्यापुढे उभं राहिलं की आपला श्वास का मंदावतो, याला किती ओळी मिळाल्या? ज्या पोरांनी ते पेपर वाचले त्यांना एकच कळलं : चित्र ही श्रीमंतांची वस्तू आहे, आपण दुरून माफी मागावी.

हे चित्र उलटं करणारी माणसंही आहेत, आणि त्यातलं एक आमच्या ठाण्याचं. सुधीर पटवर्धन. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, ठाण्यात १९७५ पासून तीस वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं, आणि सोबत चित्रं काढली. लोकलमधली माणसं, इराण्याच्या हॉटेलातली माणसं, बांधकामावरची माणसं. २००८-०९ च्या सुमारास त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय कलेचं प्रदर्शन जमवून मुंबई-पुण्याबाहेरच्या महाराष्ट्रात फिरवलं. मूळ चित्रं ट्रकमध्ये घालून गावोगावी न्यायची, हे काम किती खटपटीचं आहे! हे एकदा झालं, आणि मग? ते दरवर्षी का होत नाही, हा प्रश्न मला जिल्ह्याजिल्ह्यातल्या सांस्कृतिक भवनांच्या कुलपांना विचारायचा आहे.

२०१९ च्या अखेरीस मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पटवर्धनांचं पन्नास वर्षांचं काम एकत्र लागलं. मी बाबांना घेऊन गेले. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते; कंपनी बंद पडली, तेव्हापासून घरी. आयुष्यात एकदाही गॅलरीत गेले नव्हते. संग्रहालयाची इमारत जुन्या सर कावसजी जहांगीर हॉलची. अर्धगोल मजले एकावर एक, सगळ्यात वर घुमट. बाबा पहिल्या मजल्यावर भराभर चालले, जणू कुणी हटकेल. चित्रकार ठाण्यातच एक्स-रे बघायचे, हे मी सांगितलं तेव्हा मात्र थबकले.

“कुठल्या साली?”

मी साल सांगितलं.

“मग माझी छाती बघितली असेल यांनी. नोकरीला लागताना काढला होता.” त्यानंतर ते हळू चालायला लागले.

एका मोठ्या शहरचित्रासमोर ते उभे राहिले ते पंधरा मिनिटं. रस्ता, जिने, इमारती, माणसं. आधी नापसंती. “एवढी माणसं आहेत, पण कुणी कुणाकडे बघत नाही.” मग डोळे बारीक करून, बोटाने हवेत रेघा ओढून : “हे चुकलंय. रस्ता एका बाजूने बघितलाय, जिना दुसऱ्या बाजूने. एका जागी उभं राहून असं दिसत नाही.” चाळीस वर्षं लेथवर हजाराव्या भागाचं माप धरलेला माणूस, त्याच्या नजरेतून ते सुटणार नव्हतं. मी काही बोलले नाही. पाटीही वाचून दाखवली नाही. बाबा दोन पावलं डावीकडे सरकले, पुन्हा उजवीकडे आले.

“नाही, बरोबर आहे,” म्हणाले. “स्टेशनला आपण एका जागी उभे असतो कुठे?”

घुमटाखाली पोचेपर्यंत चार वाजले. सीएसएमटीहून ठाणे स्लो पकडली, बाबांना खिडकी मिळाली. भायखळा गेलं, चिंचपोकळी गेलं. करी रोडला गाडी रेंगाळली तेव्हा मी विचारलं, कसं वाटलं?

बाबांनी हात वर केला. “थांब जरा. बघतोय.”